धुराचा माग: ससेक्स-केंटमधल्या लाकडी घरांचे चार दिवस

या चार दिवसांच्या आखणीत एकही महाल नाही. इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात, मुख्यतः ससेक्स आणि केंट या दोन परगण्यांत पसरलेला वील्ड नावाचा जंगलपट्टा आहे. इथे ओक भरपूर आणि चांगला दगड कमी, त्यामुळे पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या खात्यापित्या शेतकऱ्याने आणि लहानशा जमीनदाराने घर बांधलं ते लाकडाचं. त्यातली बरीच घरं आजही उभी आहेत. ती पाहताना एकच प्रश्न घेऊन आत शिरायचं: इथे आग कुठे पेटायची आणि धूर कुठून जायचा? खोल्या, जिने, मजले, खिडक्या या सगळ्यांची उत्तरं त्यात सापडतात.

सोबत एक छोटी विजेरी आणि जमल्यास दुर्बीण ठेवा. इथला महत्त्वाचा पुरावा डोक्यावर, काळोखात असतो.

दिवस पहिला: सिंगलटन

मुक्काम ससेक्समधल्या लुईसला. तिथून ब्रायटनला गाडी बदलून चिचेस्टर, आणि चिचेस्टरहून मिडहर्स्टकडे जाणारी ६० नंबरची बस. सिंगलटन गावात उतरलं की वील्ड अँड डाउनलँड संग्रहालय चालत काही मिनिटांवर आहे. चाळीस एकरांत पन्नासहून जास्त जुन्या इमारती, बहुतेक मूळ जागेवरून उतरवून इथे पुन्हा उभारलेल्या. सगळ्या बघायच्या म्हटलं तर संध्याकाळी एकही नीट आठवत नाही. तीनच घरं निवडा.

पहिलं बेलीफ. हे केंटमधल्या चिडिंगस्टोनजवळचं शेतकऱ्याचं घर. १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथे बॉ बीच धरण झालं, आणि पाण्याखाली जायच्या आधी घराचे सांगाडे सोडवून इथे आणले. लाकडात दरवर्षी एक वाढणाऱ्या वर्तुळांवरून मधला भाग आणि एक टोक १४०५ ते १४३० च्या दरम्यानचं, तर दुसरं टोक १५०५ ते १५१० चं ठरलं आहे. तारीख अशी पट्ट्यात का येते, तर ओकच्या सालीलगतचं कच्चं लाकूड सुतार तासून टाकतो. तिथली किती वर्तुळं गेली याचा अंदाजच बांधावा लागतो. दक्षिण इंग्लंडमध्ये तो ९ ते ४१ असा धरतात. साल शिल्लक असलेला एखादा तुकडा मिळाला, तर झाड कोणत्या हिवाळ्यात तोडलं तेही सांगता येतं. आणि ओक ओला असतानाच वापरत, म्हणून झाड पडल्याचं वर्ष तेच साधारण घर उभं राहिल्याचं वर्ष.

आत जाण्याआधी समोर उभं राहून छपराकडे बघा. दोन्ही टोकांना वरचा मजला भिंतीच्या पुढे हातभर झुकलेला आहे, मधला भाग मात्र मागे. छप्पर तिन्हींवर सलग एकच. त्यामुळे मधल्या भागासमोर वळचण अधांतरी राहते, आणि तिला खालून धनुष्यासारखे दोन वाकडे ओक टेकू देतात. या ठेवणीच्या घरांना ‘वील्डन’ म्हणतात. एकदा डोळ्यात बसली की पुढच्या तीन दिवसांत बसच्या खिडकीतूनही ओळखू येते, नंतर कोणी विटांची भिंत लावून दर्शनी बाजू बदलली असली तरी.

दारातून आत गेलं की समोरच दुसरं दार. हा आडवा बोळ. एका हाताला शेजारी-शेजारी दोन छोटी दारं: बटरी आणि पँट्री. बटरीत लोणी नसे. पेयांची पिंपं असत, नाव पिंपांवरून आलं आहे. पँट्री पावाची. दुसऱ्या हाताला हॉल. त्याला मजला नाही, माळा नाही. जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत सगळं उघडं. हॉलच्या पलीकडच्या टोकाला मालकाचं बाक, त्यामागे बैठकीची खोली आणि तिच्यावर निजायची खोली, जिला सोलर म्हणत. सोलरला बाहेर टांगलेला संडासही आहे, खाली खड्डा. एकंदर सहा जागा. पुढची दोनेकशे वर्षं इंग्लिश घर याच मांडणीची कमी-जास्त मापं घेत राहिलं.

हॉलच्या मधोमध जमिनीवर आगटी. संग्रहालयात ती खरोखर पेटवतात, म्हणून हे घर पहिल्या दिवशी. धुराडं कुठेही नाही. धूर वर चढतो, छपरात साठतो, आणि कौलांच्या फटींतून, छपराच्या टोकांच्या लहान झरोक्यांतून सावकाश बाहेर पडतो. उभं राहिलं की डोळे चुरचुरतात, बाकावर बसलं की हवा बरी लागते. माणसं खाली बसत, आणि धूर डोक्यावर तरंगत राही. खिडक्यांना काच नाही. चौकोनी गज कोन पुढे करून उभे बसवलेत, आतून लाकडी झडप. वाऱ्याच्या बाजूची झडप लावायची आणि दुसरी उघडी ठेवायची, एवढीच धुरावरची सत्ता.

आता विजेरी वर. हॉलवरचे वासे काजळीने डांबरासारखे काळे दिसतात, टोकांच्या खोल्यांवरचे तपकिरी. पुढे कुठल्याही घरात माळ्यावर डोकावायला मिळालं तर हीच खूण शोधायची. छत टाकलेलं असो, चार खोल्या पाडलेल्या असोत, वर काळे वासे दिसले की खाली एकेकाळी उघडा हॉल आणि मधोमध आग होती.

भिंती आपल्या कोकणातल्या कुडाच्याच. कारवीच्या जागी ओकच्या उभ्या फाळ्या, त्यांत हेझलच्या काठ्या विणलेल्या, आणि वर माती, चिरलेला पेंढा व शेण यांचा गिलावा. त्यावर चुना. भार सांगाडाच घेतो, कूड फक्त मोकळी जागा भरतो. म्हणून कूड पडला तर घर पडत नाही, तो पुन्हा लिंपता येतो. कूड मरतो तो सिमेंटने. विसाव्या शतकात कित्येकांनी ‘मजबुतीसाठी’ बाहेरून सिमेंटचा गिलावा दिला. लाकूड ऋतूनुसार हलतं, सिमेंट हलत नाही. कडेला केसाएवढी भेग पडते, पाणी आत जातं, आणि बाहेर यायला वाट राहत नाही. बाहेरून भिंत ठणठणीत, आत खांबाचा बुंधा भुसा.

सांध्यांपाशी दहा मिनिटं द्या. खांबाचं वरचं टोक जाड आहे, कारण झाडाचा बुंधा वर आणि शेंडा खाली ठेवलाय. त्या जाड डोक्यात तुळई आणि भिंतीवरची लांब पट्टी, दोन्हींची टोकं एकावर एक बसतात. खाचेचं भोक आणि तिच्यात शिरणाऱ्या टोकाचं भोक मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर चुकवून पाडतात. खुंटी ठोकली की ती वाकत जाते आणि सांधा ओढून घट्ट करते. खुंटी करवतीने कापायची नाही, फाडून काढायची. फाडलेल्या लाकडात रेषा अखंड राहतात, कापलेल्यात त्या मध्येच तुटतात आणि खुंटी वाकताना तिथेच मोडते.

जवळून बघितलं तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना कोरलेले रोमन आकडे दिसतील. चार हा IIII असा, IV नाही. लाकूड उलटं पडलं असेल तर IV आणि VI यांत घोळ होतो. प्रत्येक सांधा त्या दोनच लाकडांची मापं एकमेकांवर ठेवून काढलेला असतो. एकाची जागा दुसरं घेत नाही.

दुसरं घर पेंडियन, १६०९ चं. इथे विटांचं जाडजूड धुराडं घराच्या पोटात उभं आहे. धुराला वाट मिळाली, म्हणून हॉलवर मजला टाकता आला. वर झोपायच्या खोल्या आल्या. आग भिंतीला गेल्यामुळे खालची खोली बुटकी आणि ऊबदार झाली. तिसरं पॉप्लर कॉटेज. यात आग घराच्या टोकाला, एका अरुंद कप्प्यात आहे आणि कप्पा थेट छपरापर्यंत उघडा. लाकडी आडोशाने धूर बाकी घरापासून तोडलेला. पाहताना वाटतं, ही मधली पायरी असणार. पण पॉप्लर कॉटेज पेंडियनच्या नंतरचं आहे. विटा महाग होत्या. ज्याला परवडल्या नाहीत त्याने शेजारच्या घरात धुराडं आल्यावरही धुराचा कप्पाच बांधला. घरांच्या इतिहासात पायऱ्या सरळ रेषेत मांडणारे इथे हमखास फसतात.

परतताना ग्रिडशेल नावाची २००२ ची कार्यशाळा आहे, ओकच्या बारीक पट्ट्या वाकवून केलेली. पाच मिनिटं पुरतात, पण द्या.

दिवस दुसरा: आल्फ्रिस्टन

लुईसहून ईस्टबोर्नच्या गाडीने बर्विक, तिथून साधारण तीन मैल. बस विरळ, चालायची तयारी असेल तर वाट सपाट आहे. चर्चच्या मैदानाला लागून क्लर्जी हाउस: चौदाव्या शतकातलं, पेंढ्याने शाकारलेलं, कालच्याच वील्डन ठेवणीचं. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने विकत घेतलेली ही पहिली वास्तू. साल १८९६, किंमत १० पौंड. खरा खर्च दुरुस्तीचा होता. तोवर घर इतकं खचलं होतं की ते पाडायचं घाटत होतं.

दुरुस्ती झाली ती १८७७ साली कवी-कारागीर विल्यम मॉरिस आणि वास्तुकार फिलिप वेब यांनी काढलेल्या, जुन्या इमारती जपणाऱ्या संस्थेच्या विचाराने. त्या काळी ‘जीर्णोद्धार’ म्हणजे जुनं खरवडून काढून तेराव्या शतकात ते कसं दिसत असेल असं नव्याने बांधणं. मॉरिसच्या मंडळींचं म्हणणं होतं: गळतं तिथे ठिगळ लावा, कुजलं तेवढंच बदला, आणि ठिगळ ठिगळासारखं दिसू द्या. रोजची निगा राखली तर जीर्णोद्धाराची वेळच येत नाही. आत फिरताना हे डोक्यात ठेवलं की कुठलं लाकूड मूळचं आणि कुठलं बसवलेलं ते स्वतःलाच कळायला लागतं.

हॉलची जमीन मात्र वाकून बघण्यासारखी. चुनखडीचा मऊ पांढरा खडू कुटून चोपला आणि त्यावर आंबट दुधाचे हात दिले. दुधातलं केसीन वाळलं की चिकट आणि कठीण होतं. खडूची धूळ बसते, वरचा थर थोडं पाणी सोसतो. सारवलेल्या अंगणावर वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये, फक्त इथे गोठ्यातली दुसरी वस्तू वापरली. टोकदार टाचांचे बूट घालून येऊ नका, अशा जमिनीला खळगे पडतात. वर भिंतीच्या पट्टीत एक ओकचं पान कोरलेलं आहे. ट्रस्टचं बोधचिन्ह त्यावरून आलं असं सांगतात. पुरावा मात्र कोणी दाखवत नाही.

छपराचा उतार पाहा, पन्नास अंशांच्या आसपास. पेंढा पाणी अडवत नाही, पळवतो. उतार कमी केला की पाणी रेंगाळतं आणि आतून कुजायला सुरुवात होते. पाणथळीतल्या बोरूचं छप्पर तीस-चाळीस वर्षं जातं, गव्हाच्या पेंढ्याचं त्याच्या निम्मं, पण आढ्यावरची टोपी दहा-पंधरा वर्षांनी बदलावीच लागते. घर घेणारे लोक छपराची चौकशी करतात आणि टोपीचा खर्च विसरतात.

घर लहान आहे, दीड तास पुरे. संध्याकाळी लुईसच्या हाय स्ट्रीटवर फिरा. विटांच्या म्हणून दिसणाऱ्या काही दर्शनी भिंती विटांच्या नाहीतच: लाकडी सांगाड्यावर खिळ्यांनी टांगलेली कौलं, अशा बेताने घडवलेली की बाहेर फक्त विटेएवढं तोंड दिसावं. कोपऱ्यावर किंवा खिडकीच्या चौकटीशी जाडी बघितली की लबाडी उघडी पडते. विटांवरचा कर चुकवायला ही युक्ती निघाली असं गाइड सांगतात. कर १७८४ चा. अशी कौलं त्याच्या आधीपासून होती, शिवाय कर कौलांवरही होता. जुन्या लाकडी घराला नवा चेहरा हवा होता, एवढंच कारण पुरेसं आहे.

दिवस तिसरा: ग्रेट डिक्स्टर

पूर्ण दिवस. हेस्टिंग्जपर्यंत रेल्वे, पुढे नॉर्थियमची बस. बाग सकाळी उघडते, घर दुपारीच. सोमवारी बहुधा बंद, हिवाळ्यात घर पूर्ण बंद. वेळा दरवर्षी थोड्या बदलतात, निघण्याआधी पाहा. बहुतेक लोक बागेसाठी येतात आणि घरात पंधरा मिनिटं डोकावतात. उलटं करा.

हॉल पंधराव्या शतकाच्या मध्याचा, सुमारे ४० फूट लांब, २५ फूट रुंद, ३१ फूट उंच. लाकडी सांगाड्याचे एवढे मोठे हॉल देशात मोजकेच उरलेत. १९१० मध्ये नॅथॅनिएल लॉइड या छपाईच्या धंद्यातल्या माणसाने घर घेतलं तेव्हा हा हॉल हॉल राहिला नव्हता. धुराडी आल्यावर मध्ये मजले आणि भिंती घालून त्याच्या खोल्या केलेल्या होत्या. लॉइडने वास्तुकार एडविन ल्युटेन्सला बोलावलं. काम १९१० ते १९१२ चाललं, आणि १९१२ मध्येच हे महाशय नव्या दिल्लीच्या आखणीसाठी हिंदुस्थानात पोचले. रायसीना टेकडीवरचे खांब पाहिलेल्याने त्याच हाताचं हे काम जरूर पाहावं. इथे तो स्वतःचा आवाज किती खाली ठेवतो ते कळतं.

त्याने तीन गोष्टी केल्या. पहिली, हॉलमधले नंतरचे मजले आणि आडभिंती काढून छत पुन्हा मोकळं केलं. मॉरिसच्या शिष्यांना हे पटण्यासारखं नव्हतं, कारण तीनशे वर्षांची वस्ती पुसली गेली. आमचं मतही थोडं त्यांच्याच बाजूला झुकतं. पण ते छत बघताना तक्रार घशातच राहते. आधारांच्या रांगेत आळीपाळीने दोन प्रकार आहेत. एकात तुळई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग जाते. दुसऱ्यात ती दोन्ही बाजूंनी थोडीशीच पुढे येऊन थांबते, मधला भाग कापल्यासारखा मोकळा. ही हॅमरबीम. तुळईचं काम भिंतींना बाहेर ढकललं जाण्यापासून आवरायचं. तीच कापली तर छपराचा रेटा वाकड्या टेकूंतून खाली खांबांवर उतरवावा लागतो. सगळ्याच तुळया कापण्याचं धाडस न करता बांधणाऱ्याने एकाआड एक सलग ठेवली. दिमाख आणि भीती एकाच छतात.

दुसरी गोष्ट शेजारून आणलेलं घर. आठ-दहा मैलांवर केंटमधल्या बेनेंडन गावात सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक शेतकऱ्याचं घर पडायला आलं होतं. ते ७५ पौंडांना घेतलं, प्रत्येक लाकडावर क्रमांक घातला, सोडवून इथे आणलं आणि मुख्य घराच्या मागे जोडून उभं केलं. हे काम वाटतं तितकं सरळ नाही. खुंट्या बाहेर निघत नाहीत, त्यांना पोखरावं लागतं. चारशे वर्षांत वाळताना पिळवटलेलं लाकूड सांधा सोडला की आणखी सरकतं, आणि मग मापात बसत नाही. म्हणून सोडवलेलं घर फार दिवस पडून ठेवायचं नसतं. कूड आणि गिलावा नेता येत नाही, तो तिथेच टाकायचा. थोडक्यात, घर हलतं म्हणजे फक्त सांगाडा हलतो.

तिसरी गोष्ट या दोघांना सांधणारा नवा भाग, आणि ल्युटेन्सची समज इथे दिसते. त्याने खोटे लाकडी खांब कुठेही चिकटवले नाहीत. नवं ते वीट आणि लाल कौल, भिंतींवरही कौलंच टांगलेली, उंच धुराडी, खूप खाली उतरणारं छप्पर. पोर्चपाशी उभं राहिलं की जुनं कुठे संपतं ते सांगता येतं, आणि तरी घर एकच वाटतं. पोर्च स्वतः दारुड्यासारखा कलला आहे. तो सरळ करायचा मोह कोणाला झाला नाही हे नशीब. सांधे आता त्याच कोनात बसलेत, सरळ केला असता तर तुटले असते.

कौल हातात घ्यायला मिळालं तर मागच्या बाजूची दोन भोकं बघा. तिथून लाकडी खुंटी घालून ते पट्टीवर अडकवतात. १४७७ च्या कायद्याने कौलाचं माप ठरवलं: साडेदहा इंच लांब, सव्वासहा इंच रुंद, किमान पाच-अष्टमांश इंच जाड. प्रत्येक कौलाचं जेमतेम चार इंच उघडं राहतं, बाकीचं वरच्या दोन रांगांखाली. छप्पर म्हणून भलतंच जड होतं. पेंढ्यासाठी बांधलेल्या सांगाड्यावर कौलं चढवली की वासे मध्ये दबतात. वील्डमधली आढी घोड्याच्या पाठीसारखी लवलेली दिसतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

लोकांना दाखवतात ते हॉल, खालची बैठक आणि वरचं सोलर. सोलरच्या जिन्यावर डोकं सांभाळा. आणि रंगाकडे लक्ष द्या: लाकूड रुपेरी करडं, काळं नाही. काळे खांब आणि पांढऱ्या भिंती ही बरीचशी एकोणिसाव्या शतकातली आवड. वील्डमध्ये ओक तसाच सोडत. काळा रंग खरवडायला वाळूचा झोत मारणारे मात्र रंगासोबत कुऱ्हाडीच्या आणि रंध्याच्या खुणाही उडवतात, आणि त्या परत येत नाहीत.

बाग राहिलीच. लॉइडचा मुलगा क्रिस्टोफर इथेच जन्मला, २००६ मध्ये वारला, आणि बागकामाच्या जगात बापापेक्षा फार मोठा झाला. पण तो दुसरा विषय.

दिवस चौथा: आइटम मोट

लुईस सोडून सामानासकट सेव्हनोक्स. तिथून टॅक्सी बरी. गल्ल्या अरुंद आहेत आणि आयव्ही हॅच गावानंतर चालणाऱ्याला कडेला जागा नाही. नाव लिहितात लांबलचक, म्हणतात ‘आइटम’.

हे घर छोटं म्हणावं का, यावर वाद होईल. सत्तरच्या वर खोल्या आहेत. पण सगळ्या एका अंगणाभोवती, चारी बाजूंनी पाण्याच्या खंदकात, आणि मूळ गाभा सुमारे १३२० चा तोच: हॉल, सोलर, चॅपल. बाकीचं पुढच्या मालकांनी लागेल तसं जोडलं. खाली केंटचा करडा खडबडीत दगड, वर लाकूड. पाण्यातून उठणाऱ्या भिंतीला हेच शहाणपणाचं. ओक पूर्ण बुडालेला टिकतो आणि पूर्ण कोरडा टिकतो, कधी ओला कधी सुका असला की कुजतो.

वरच्या चॅपलचं लाकडी छत चुकवू नका. १५२१ मध्ये घर घेणाऱ्या रिचर्ड क्लेमंटच्या काळचं ते रंगकाम, ट्यूडर राजघराण्याचा गुलाब आणि राणीच्या माहेरचं, आरागॉनचं डाळिंब. राजा आठवा हेन्री आणि राणी कॅथरिन अजून एकत्र होते तेव्हाची निष्ठा छतावर रंगवून ठेवलेली. अंगणात कुत्र्याचं एकोणिसाव्या शतकातलं लाकडी घर आहे. वास्तूंच्या सरकारी यादीत त्यालाही पहिला दर्जा आहे, म्हणजे छपराचं कौल बदलायचं तरी परवानगी.

१९५३ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या चार्ल्स हेन्री रॉबिन्सनने हे घर घेऊन वाचवलं. १९८५ मध्ये ते नॅशनल ट्रस्टकडे आलं. तेव्हा सांगाड्यात डेथवॉच नावाचा भुंगा होता. तो कोरड्या ओकला सहसा हात लावत नाही. ओल आणि बुरशीने लाकूड मऊ केलं की शिरतो, आणि त्याची अळी वर्षानुवर्षं आतच खात राहते. म्हणून नुसतं औषध फवारून भागत नाही, आधी गळती शोधावी लागते. घर भागाभागाने उघडून, लाकूड तपासून, पुन्हा जोडून काम संपायला २००४ उजाडलं. खर्च एक कोटी पौंडांच्या वर गेला.

ती दुरुस्ती अंगणातून बघता येते. कुजलेलं टोक कापून तिथे नवा ओक तिरप्या सांध्याने जोडतात. पूर्ण खांब क्वचितच बदलतात. नवं लाकूडही ओक असल्याने वीसेक वर्षांत उन्हापावसाने जुन्याच रंगाचं झालं आहे, रंगावरून आता ओळखू येत नाही. खांबाच्या बुंध्यापासून वर दोन-तीन फुटांवर तिरपी रेघ शोधा, आणि तिच्या वर-खाली खुंट्यांची टोकं. रेघेच्या वर कोपरे झिजून गोल झालेत, खाली अजून बोटाला धार लागते.